मेंदूचे गणित आणि आपला जिल्हा

हंगामात नंदुरबार शहराबाहेरच्या पथाऱ्या लाल होतात. बाजार समितीत लिलाव झालेली ओली मिरची मोकळ्या मैदानावर वाळत पडते. तोंडाला फडके बांधलेल्या बाया ती उलथतात, देठ खुडतात, आणि वारा फिरला की रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. हा झोंबणारा अनुभव शरीरात कसा तयार होतो, याचे नेमके उत्तर मिळायला विसावे शतक सरत आले होते. मिरचीतला कॅप्सायसिन हा रेणू आपल्या मज्जापेशींच्या टोकांवरील एका प्रथिनाला चिकटतो. त्या प्रथिनातले दार उघडते, बाहेरचे सोडियम आणि कॅल्शियमचे भारित कण आत शिरतात आणि पेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाब बदलतो. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णताही नेमके हेच दार उघडते. म्हणून मिरचीने तोंड भाजते, आणि गरम चहानेही भाजते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे प्रथिन १९९७ मध्ये शोधले आणि २०२१ मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्यासह त्यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्यांच्या संशोधनामागे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे अनुदान होते, म्हणजे तिथल्या करदात्यांचा पैसा.

ही पुस्तिका अशाच पैशातून उभ्या राहिलेल्या एका विद्याशाखेची ओळख करून देते. मज्जापेशी एकमेकींशी काय बोलतात, कशा बोलतात, आणि त्या बोलण्यातून वास, आठवण, हालचाल, झटका, झोप या गोष्टी कशा घडतात, हे समीकरणांत मांडून संगणकावर चालवून पाहणारे हे शास्त्र. त्याला संगणकीय मेंदूविज्ञान म्हणतात. वाचक म्हणून डोळ्यांसमोर ठेवला आहे तो नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि धडगाव या सहा तालुक्यांतला विज्ञान शाखेचा विद्यार्थी, आणि त्याला शिकवणारे शिक्षक. एका दुर्गम जिल्ह्यातल्या मुलांपुढे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. जगात आणि देशात हे शास्त्र सार्वजनिक पैशावर वाढले. त्यामुळे त्याची साधने, त्याची माहिती आणि त्याचे प्रश्न ठरवण्याचा अधिकार या तिन्हींवर या जिल्ह्याचाही हिस्सा आहे. तो हिस्सा मागायचा तर आधी विषय ठाऊक हवा.

विषयाचा पाया १९५२ मध्ये घातला गेला. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली हे दोघे इंग्लंडात स्क्विड या समुद्री प्राण्याच्या एका जाड मज्जातंतूवर काम करत होते. हा तंतू अर्ध्या ते एक मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे त्यात विद्युताग्र घालता येते. विश्रांतीत असलेल्या मज्जापेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने साधारण ६५ ते ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. संदेश येतो तेव्हा पटलावरची सोडियमची दारे उघडतात, आतला भाग क्षणभर धन होतो, मग ती दारे मिटतात आणि पोटॅशियमची दारे उघडून पेशी पूर्वपदावर येते. सगळा प्रकार एक-दोन सहस्रांश सेकंदांत उरकतो. कोणते दार किती दाबाला किती वेगाने उघडते, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी मोजले आणि चार समीकरणांत बसवले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. समीकरणे सोडवायला केंब्रिजचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता. हक्सली यांनी हाताने दांडा फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर पायरी पायरीने हिशेब केला. तंतूवरून धावणाऱ्या एका स्पंदाचे गणित पुरे व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. गणिताने स्पंदाचा वेग सेकंदाला १८.८ मीटर सांगितला, प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग २१.२ मीटर होता. ज्या दारांचे गुणधर्म तंतूचा विद्युतदाब एका पातळीवर बांधून मोजले होते, त्यांवरून मोकळ्या तंतूतल्या संदेशाचा वेग इतक्या जवळपास सांगता यावा, हे जीवशास्त्रात त्याआधी फारसे घडले नव्हते. १९६३ मध्ये दोघांना जॉन एक्लिस यांच्यासह नोबेल मिळाले. मिरचीच्या ठसक्यातले दार या पेशीत बसवून, तिखट किती लागल्यावर पेशी सेकंदाला किती स्पंद पाठवील हे आज गणिताने सांगता येते. त्यासाठी लागणारी समीकरणे याच घराण्यातली आहेत.

पुढचे पाऊल विल्फ्रिड रॉल यांनी टाकले. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत काम करताना त्यांनी मज्जापेशीच्या फांद्यांकडे लक्ष वेधले. तोवर अनेकांच्या मते पेशी म्हणजे एक गोळा होता आणि त्याच्या फांद्या नुसत्या तारा. रॉल यांनी दाखवले की कोणता संदेश कोणत्या फांदीवर आणि कोणत्या क्रमाने पडतो यावर पेशीचे उत्तर बदलते. एकेका पेशीतच हिशेब चालतो, हा विचार तिथून रुजला. आज बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ऋषिकेश नारायणन यांचा गट फांद्यांच्या या हिशेबावर काम करतो आहे, तोही सार्वजनिक पैशावर.

भारतातली वाट मुंबईतून निघते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांना बोलावून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. त्याच संस्थेत, त्याच सुमारास, टिफ्रॅक हा भारतात बांधलेला संगणक चालू होता. भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, संगणक बांधणारे अभियंते आणि जीवशास्त्रज्ञ एका छताखाली होते. सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सत्तरच्या दशकात वास आणि चव नीट न ओळखणाऱ्या माश्यांची उत्परिवर्तने शोधली, आणि माशीचे नाक हा जगभर अभ्यासाचा विषय होण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. कुलाब्याच्या समुद्रकाठी कुजक्या केळ्याच्या वासाकडे झेपावणाऱ्या माशीवर अणुऊर्जा खात्याचा पैसा का खर्च करायचा, असा प्रश्न त्या काळी विचारता आला असता. संस्थेने तो खर्च योग्य मानला. माझ्या मते भारतीय विज्ञानाच्या इतिहासातला हा अतिशय दूरदृष्टीचा निर्णय होता. या कामातूनच पुढे बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले.

त्या केंद्रात उपिंदर भल्ला आले. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये त्यांनी घ्राणकंदाच्या, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या पहिल्या टप्प्याच्या, संगणकीय प्रतिमानांवर पीएच.डी. केली होती. १९९९ मध्ये रवी अय्यंगार यांच्यासह त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले की पेशीतल्या रासायनिक साखळ्या सुट्या सुट्या साध्या असल्या तरी जोडल्या गेल्यावर त्यांच्यात स्मृतीसारखे गुण येतात. उत्तेजन थांबले तरी साखळी 'चालू' स्थितीत टिकून राहते. आठवण पेशीत कशी टिकत असावी, याचा तो एक गणिती धागा होता. भल्ला यांच्या गटाने 'मूज' हे संगणकीय साधन तयार केले, ज्यात रासायनिक साखळ्या आणि विद्युतस्पंद एकत्र चालवता येतात. ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे आजचे ठिकाण पुणे. २००६ मध्ये स्थापन झालेल्या आयसर पुणे या संस्थेत सुहिता नाडकर्णी यांचा गट दोन मज्जापेशींमधल्या सांध्याचे, म्हणजे सिनॅप्सचे, संगणकीय प्रतिमान करतो. सांधा इतका लहान असतो की त्यातले कॅल्शियमचे कण हातावर मोजता येतील इतके थोडे असतात, आणि म्हणून सरासरी काढून भागत नाही. एकेका कणाची भटकंती संगणकावर चालवावी लागते. अल्झायमरसारख्या आजारात हा सांधा आधी कुठे बिघडतो, हे शोधायला अशी प्रतिमाने उपयोगी पडतात. तिथेच कॉलिन्स असिसी मज्जापेशींच्या जाळ्यांचे गणित करतात. कीटकाच्या मेंदूत वासाचा ठसा जाळ्याच्या लयीत कसा उमटतो, हा त्यांच्या कामाचा एक भाग. राघव राजन झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याचे गाणे अभ्यासतात. पक्षी गाणे कसे सुरू करतो आणि गाण्याआधी मेंदूत कसली तयारी चालते, हे शोधतात. नागपुरात अनेक वर्षे मेंदूवर संशोधन केलेले निशिकांत सुभेदार हेही पुढे याच संस्थेत आले. विदर्भातल्या विद्यापीठात राहूनही मेंदूवर उत्तम काम करता येते, हे त्यांच्या वाटचालीतून दिसते. मुंबई-पुण्याबाहेरच्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे.

पैसा येतो कुठून, हे आता पाहू. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तिचे बंगळुरूचे केंद्र अणुऊर्जा खात्याकडून चालते. आयसर, आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था केंद्रीय शिक्षण खात्याकडे आहेत. हरियाणात मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, ते जैवतंत्रज्ञान विभागाचे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये बोधविज्ञानासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला, त्यातून विद्यापीठांतल्या लहान प्रकल्पांनाही अनुदान मिळू लागले. त्याच वर्षी ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट आणि आपला जैवतंत्रज्ञान विभाग यांनी निम्मा-निम्मा वाटा घालून इंडिया अलायन्स उभारले. तरुण संशोधकाला परदेशातून परत येऊन स्वतःची प्रयोगशाळा थाटायची असेल तर त्याच्या अधिछात्रवृत्तीचा फार आधार होतो. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट, त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारच्या अंदाजपत्रकाबाहेरून, उद्योग आणि देणगीदारांकडून येतील अशी अपेक्षा. संशोधनावर आपला देश एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा सरकारचाच २०२०-२१ चा आकडा. इतक्या कमी पैशात मेंदूच्या गणिताचा वाटा केवढासा असेल, याची कल्पना करता येते.

संगणकशक्तीचीही गोष्ट आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. त्याच अभियानातला परम ब्रह्म २०१९ मध्ये आयसर पुणे येथे बसला. ज्या हिशेबाला हक्सली यांना तीन आठवडे लागले, तो आज साध्या लॅपटॉपवर डोळ्याचे पाते लवण्याआधी होतो. महासंगणक लागतो तो अशा हजारो-लाखो पेशी जोडून चालवायला.

इथे युरोपचे एक उदाहरण सांगायलाच हवे, कारण सार्वजनिक पैसा कसा खर्चू नये याचाही धडा त्यात आहे. २०१३ मध्ये युरोपीय संघाने मानवी मेंदू प्रकल्प हाती घेतला. दहा वर्षांत सुमारे ६० कोटी युरो त्यावर खर्च झाले. हेन्री मार्क्रम यांनी पाहिलेले स्वप्न असे होते की संपूर्ण मानवी मेंदू संगणकावर उभा करायचा. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत, आणि प्रत्येकीचे हजारो सांधे. प्रकल्प सुरू होऊन वर्ष होते ना होते तोच, २०१४ मध्ये शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी युरोपीय आयोगाला जाहीर पत्र लिहिले. निर्णय मोजक्या लोकांच्या हाती आहेत आणि मूलभूत प्रयोग करणाऱ्यांना बाहेर ठेवले जाते आहे, असा त्यांचा आक्षेप होता. व्यवस्थापन बदलावे लागले. २०२३ मध्ये प्रकल्प संपला तेव्हा संपूर्ण मेंदू कुठेच चालू नव्हता, पण मेंदूचे तपशीलवार नकाशे आणि सर्वांना वापरता येणारे ईब्रेन्स हे व्यासपीठ मागे राहिले. अमेरिकेने त्याच २०१३ मध्ये ब्रेन इनिशिएटिव्ह सुरू केले. तिथे एका भव्य प्रतिमानाचा आग्रह नव्हता, मेंदू मोजण्याची साधने घडवण्यावर भर होता. त्या पैशाच्या मदतीने २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा पुरा झाला. जवळजवळ १,४०,००० मज्जापेशी, पाच कोटींहून अधिक सांधे, आणि सारे काही जगाला खुले. मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक रास्त वाटतो. आधी मोजणी, मग प्रतिमान, आणि मोजलेले सगळ्यांसाठी उघडे. भारतासारख्या देशाने तर एका मोठ्या मेंदूच्या मागे न लागता शंभर लहान, नेमके प्रश्न धरावेत.

ते प्रश्न कोणते, इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो.

१९५२ या वर्षाकडे पुन्हा एकदा पाहा. हॉजकिन-हक्सली यांचे निबंध छापून आले त्याच वर्षी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळल्याची नोंद लेमन आणि कटबुश यांनी केली. भारतातल्या या आजाराच्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबांना हा आजार सांगावा लागत नाही. 'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक, 'एसएस पॅटर्न' म्हणजे रुग्ण, हे शब्द आश्रमशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. सांधे दुखतात, रक्त कमी होते, ताप येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मात्र या आजाराचा मेंदूवर होणारा आघात फार कमी घरांत ठाऊक असतो. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींमुळे मेंदूच्या रोहिणी अरुंद होत जातात. अमेरिकेतल्या एसएस मुलांच्या जुन्या पाहणीत, उपचाराविना, वयाच्या विशीपर्यंत सुमारे ११ टक्क्यांना पक्षाघात झालेला आढळला होता. त्याहून जास्त मुलांच्या मेंदूत असे बारीक घाव सापडतात ज्यांची बाहेर काहीच खूण दिसत नाही. मूल वर्गात मागे पडते, लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

हा आघात आधी ओळखता येतो, आणि ओळखण्याची रीत अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आहे. नळी अरुंद झाली आणि तेवढाच प्रवाह तिच्यातून जायचा असला की वेग वाढतो. कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते. तिथून श्राव्यातीत ध्वनी सोडून, परत येणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेतला फरक मोजून, मेंदूच्या रोहिणीतल्या रक्ताचा वेग काढतात. डॉप्लर परिणामच तो. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर धोका मोठा, १७० ते २०० च्या मध्ये असेल तर लक्ष ठेवायचे. अमेरिकेच्या सरकारी पैशातून झालेल्या 'स्टॉप' या चाचणीने १९९८ मध्ये दाखवले की असा धोका असलेल्या मुलांना नियमित रक्त दिले तर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटते. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली.

परंतु २०० हा आकडा अमेरिकेतल्या, आफ्रिकी वंशाच्या मुलांवरून आलेला आहे. भारतातल्या आदिवासींत सिकलसेलचा जनुक वेगळ्या पार्श्वभूमीवर बसलेला आहे, गर्भातले हिमोग्लोबिन आपल्या रुग्णांत तुलनेने जास्त टिकते, आणि आजाराचे रूप पुष्कळदा सौम्य असते. मग धोक्याची रेघ इथे कुठे ओढायची? कुपोषणाने रक्त आणखी पातळ झाले असेल तर वेग कसा बदलेल? हे प्रश्न प्रतिमानाचे आहेत. काटेकोर बोलायचे तर हे रक्तप्रवाहाचे गणित झाले, मज्जापेशींचे नव्हे. पण रक्त आणि मज्जापेशी यांचे नाते हाही संगणकीय मेंदूविज्ञानाचा जिवंत विभाग आहे, आणि या जिल्ह्यासाठी त्याचे दार हेच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे लक्ष्य. तपासणीचे काम मोठे आहे आणि आवश्यक आहे. त्याच्यापुढची पायरी म्हणजे एसएस ठरलेल्या प्रत्येक मुलाच्या कानशिलावर डॉप्लरची तपासणी, आणि त्या मोजमापांवरून आपल्याच मुलांसाठी धोक्याचे गणित. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात गणिती आहेत, महासंगणक आहे. एवढी माणसे एका प्रकल्पात जोडणे हे कुठल्याही सरकारी अनुदानाला शोभणारे काम ठरेल, आणि ते व्हावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

दुसरा प्रश्न भुकेचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत नंदुरबारमधली पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्सा घेतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू याच्या दुपटीइतका हिस्सा घेतो. २००१ मध्ये डेव्हिड ॲटवेल आणि सायमन लॉफलिन यांनी मेंदूच्या ऊर्जेचे अंदाजपत्रक मांडले होते. एका स्पंदाला किती ऊर्जा, सांध्यावरच्या एका संदेशाला किती, सारे प्रथमतत्त्वांवरून. त्यावरून दिसते की संदेशवहनच मेंदूचा बहुतेक खर्च करते. मग पुरेसे अन्न न मिळालेल्या मुलाचा मेंदू कुठे काटकसर करतो? कोणते सांधे आधी छाटतो? दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि मूल त्यांच्यासोबत फडावर राहिले, तर उपासमारीच्या जोडीला आलेला ताण मेंदूत काय ठेवून जातो? टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट कोवळ्या वयातल्या ताणाचे मेंदूवरचे दीर्घ परिणाम उंदरांमध्ये अभ्यासतो. त्या ज्ञानाचा धागा सातपुड्यातल्या मुलापर्यंत यायला मधे अजून पुष्कळ काम व्हायचे आहे.

या प्रश्नांवर संशोधन करताना एक गोष्ट कधीही सुटू नये. आदिवासी पाड्यांतून रक्ताचे नमुने आणि मोजमापे गोळा झाली, निबंध छापले गेले, आणि पाड्यावर कोणी परत आलेच नाही, असा अनुभव देशात अनेक समाजांना आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. लोकांच्या शरीराची ओळख संगणकात भरण्याच्या एका अवाढव्य सार्वजनिक प्रकल्पाचा प्रारंभ या जिल्ह्यात झाला. मेंदूची मोजमापे बोटांच्या ठशांहून कितीतरी खासगी असतात. ती घेण्यापूर्वी पावरी, भिल्ली, मावची अशा आईबापांच्या भाषेत समजावून संमती घेतली पाहिजे, आणि निष्कर्ष त्याच भाषेत परत सांगितले पाहिजेत. सार्वजनिक पैशाचा अर्थ माझ्या लेखी इथवर पोचतो.

आता साधनांकडे वळतो, मघाशी राहिलेल्या मुद्द्याकडे. जीवशास्त्राच्या बहुतेक शाखांना महागडी प्रयोगशाळा लागते, उणे ८० अंशांचे शीतकपाट लागते, सतत वीज लागते. या शास्त्राचा गणिती अर्धा भाग साध्या संगणकावर शिकता येतो. येल विद्यापीठात मायकेल हाइन्स आणि टेड कार्नेवाले यांनी वाढवलेले 'न्यूरॉन' हे साधन विनामूल्य आहे. भल्ला यांचे 'मूज' विनामूल्य आहे. जगभरच्या संशोधकांची शेकडो प्रतिमाने येलच्या 'मॉडेलडीबी' या संग्रहात कोणालाही मिळतात. फळमाशीचा संपूर्ण नकाशा खुला आहे. यातले बहुतेक सरकारी अनुदानांतून तयार झाले, आणि म्हणूनच ते कुलूपबंद नाही. शहाद्याच्या महाविद्यालयातल्या संगणक कक्षात बसून एखादी मुलगी हॉजकिन आणि हक्सली यांची चार समीकरणे चालवू शकते, सोडियमची दारे निम्मी करून पाहू शकते, स्पंद कधी विझतो हे स्वतः शोधू शकते. लागते ते अवकल समीकरणांचे ज्ञान, थोडी पायथॉन भाषा, आणि हे सगळे उकलून सांगणारा एक शिक्षक. अडचण नेमकी या तिसऱ्या गोष्टीची आहे. आपल्याकडे जीवशास्त्राचा विद्यार्थी बारावीला गणित सोडतो आणि गणिताचा विद्यार्थी जीवशास्त्र. मेंदूच्या गणिताला दोन्ही लागतात. ही फारकत अभ्यासक्रमाने केलेली आहे, आणि ती महाविद्यालयाच्या पातळीवर, एका शिक्षकाच्या पुढाकाराने, आठवड्याच्या एका जादा तासातही कमी करता येते.

मग पुढचा रस्ता. बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला गेलेल्या विद्यार्थ्याला इन्स्पायर योजनेत वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती मिळू शकते. आयसरमध्ये प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा असते, आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा असतात. पीएच.डी.च्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे. ही रक्कम वेळेवर हाती पडत नाही, अशी तक्रार देशभरातले संशोधक विद्यार्थी वर्षानुवर्षे करत आले आहेत. घरी पाठवायला पैसा लागणाऱ्या मुलाला चार महिन्यांचा उशीर म्हणजे शिक्षण सोडण्याचे कारण ठरू शकते. अनुदाने वाटणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट सुधारली तरी आदिवासी जिल्ह्यांतली किती तरी मुले विज्ञानात टिकतील.

पुढील प्रकरणांत आधी एका पेशीचे गणित आहे, मग दोन पेशींचा सांधा, मग जाळे. जॉन हॉपफील्ड यांच्या १९८२ च्या स्मृतीच्या प्रतिमानालाही एक प्रकरण दिले आहे. त्यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते प्रकरण सर्वांत सोपे जाईल. सिकलसेल आणि मेंदूतला रक्तप्रवाह हे प्रकरण शेवटी आहे, पण ज्याच्या घरात हा आजार आहे त्याने आधी तेच वाचावे. गणित नको असणाऱ्याने समीकरणे ओलांडून पुढे गेले तरी चालेल, मात्र एकदा तरी परत येऊन ती कागदावर लिहून पाहावीत.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. या पुस्तिकेतला पहिला प्रयोग, एका पेशीचा स्पंद, येत्या सत्रात वर्गात चालवून दाखवा. त्याला एक संगणक आणि एक तास पुरतो. आणि ज्या विद्यार्थ्याला त्यातून प्रश्न पडेल, त्याने तो प्रश्न थेट संबंधित संशोधकाला मराठीत किंवा इंग्रजीत पत्राने विचारावा. ही माणसे तुमच्या पैशावर काम करतात आणि तुम्हाला उत्तर मागण्याचा अधिकार आहे.